पिशव्या तीनच होत्या

हे माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडलेलं नाही. चर्चमध्ये गुडघे टेकून बाकी सगळं सांगून झालंय — दारू, शिव्या, उपवासकाळात खाल्लेलं मटण, बांधावरून सख्ख्या भावाच्या थोबाडीत मारली ती. हे नाही. फादर विचारायचे, "अजून काही?" मी म्हणायचो, "नाही फादर." झालं. उठायचं, रांगेत उभं राहायचं आणि कम्युनियन, म्हणजे प्रभूचं शरीर, जिभेवर घ्यायचं. कसं गिळलं असेल मी ते? तेव्हा सहज गिळलं, हेही लिहून ठेवतो.

मी इनास. मूळचा वसईचा. सातवी नापास, तेव्हा चुका दिसल्या तर सोडून द्या. बायको फिलू — कागदावर फिलोमिना — गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून मुलीकडे असतो, अबू धाबीला, अल रीम आयलंडवर, एकतिसाव्या मजल्यावर. शेरल, म्हणजे मुलगी, बँकेत असते. जावईही कुठल्याशा ऑफिसात. नातू टीव्हीसमोरून मला "ग्रँडपा, मूव्ह" म्हणतो. यांच्यातल्या कोणाला मराठी वाचता येत नाही. म्हणून तर मराठीत लिहितोय. बघा — कबुली द्यायला बसलो तरी आधी दार लावून घेतलं.

बावीस वर्षं मी शारजात एका लेखिकेची गाडी चालवली. वफा मॅडम. त्या मूळच्या सुदानच्या. एका अरबी पेपरात काम करायच्या आणि घरी कादंबऱ्या लिहायच्या. नवऱ्याशी मोडलेलं, मूलबाळ नाही. मी ड्रायव्हर, फिलू स्वयंपाकाला आणि घराला. दोघांचे व्हिसे मॅडमच्या नावावर, राहायला मागची खोली. शेरल तिथेच वाढली.

पहिल्या दिवसाची गंमत सांगतो. इनास हे त्यांच्यात बाईचं नाव. पेपरच्या ऑफिसात फोन गेला की नवा ड्रायव्हर इनास येतोय, तर गेटवर चार जण बाई बघायला उभे. आणि उतरलो मी, मिशीवाला. तेव्हापासून पेपरातले लोक मला "उस्ताज़ा इनास" म्हणायचे. उस्ताज़ा म्हणजे बाईमाणसाला मान देऊन मारलेली हाक. मॅडमनाही तीच हाक. हसून हसून त्यांचे डोळे भरायचे. त्या हसायच्या तेव्हा. फार हसायच्या.

ड्रायव्हरला कादंबरीतलं काय कळणार? काही नाही. पण माणूस मोठं आहे की नाही हे ड्रायव्हरला सगळ्यांच्या आधी कळतं. गाडीचं दार कोण धावत येऊन उघडतो, किती जण उभे राहतात, कुठल्या दारातून आत नेतात. पेपरच्या शेवटच्या पानावर डाव्या अंगाला मॅडमचा कॉलम यायचा, फोटोसकट. कॅफेटेरियात इजिप्तवाले, सीरियावाले तो मोठ्याने वाचायचे आणि त्यावरून भांडायचे. शारजात दरवर्षी पुस्तकांचा मेळा भरतो. तिसऱ्या पुस्तकाच्या वर्षी त्यांच्या टेबलापुढे एवढी रांग की मला दोनदा पाण्याची बाटली नेऊन द्यावी लागली. ओमानहून आलेली एक पोरगी त्यांचा हात धरून रडत होती. मी मागे उभा होतो, छाती फुगवून. जसं काही मीच लिहिलं होतं. कैरो, ट्युनिस, कुठे कुठे बोलवायचे त्यांना. एअरपोर्टवर मीच सोडायचो. येताना हातात काचेचं नाहीतर पितळेचं काहीतरी असायचं, आणि फिलू दर शनिवारी ते सगळं पुसायची.

चार पुस्तकं आली. पाचवं आलं नाही. लोक म्हणाले, बाईचं संपलं. पेपरवाले म्हणाले, थकली. मला ठाऊक होतं का आलं नाही ते. फक्त मला.

पाचवं पुस्तक त्यांच्या गावाचं होतं. नदीकाठचं गाव, धरण झालं त्यात बुडालं. मॅडम लहान होत्या तेव्हा, त्यांना थोडंच आठवायचं. बाकीचं आई फोनवर सांगायची. कुठल्या घरी कोण, कोणाच्या लग्नात काय झालं, कोणाची शेळी कोणाच्या छपरावर चढली. मॅडम ऐकायच्या आणि वह्यांत लिहायच्या, हाताने. कॉम्प्युटर त्यांना जमायचा नाही. कॉलमसुद्धा हातानेच, पेपरातला टायपिस्ट टाइप करायचा. सात वर्षं चाललं ते पुस्तक. मधेच आई वारली. अकरा वह्या झाल्या.

आणि त्या अकरा वह्या सगळ्यांत आधी कोणी ऐकल्या, सांगू? फिलूने. आमच्या वसईच्या चौथी शिकलेल्या फिलूने. मॅडमनी तिला अरबी बोलायला तर शिकवलंच, वर अक्षरं पण शिकवली होती. संध्याकाळी ऑफिसातून आल्या की स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वाचून दाखवायच्या. फिलू लसूण सोलत ऐकायची. मॅडमना आमच्याशी बोलून हिंदी यायला लागलेलं; जिथे कळायचं नाही तिथे फिलू म्हणायची, "मॅडम, ये नहीं समझा." मॅडम तिथल्या तिथे खोडून दुसरं लिहायच्या. जिथे फिलू हसायची तिथे कडेला फिलूच्या नावाचं पहिलं अक्षर काढायच्या. त्या म्हणायच्या, मोठे मोठे टीकावाले गेले खड्ड्यात, माझी टीकावाली ही.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. इथे अरबी लिहिलेला कागद केरात टाकत नाहीत. त्यात कुठेतरी अल्लाचं नाव असतंच — पेपरात, पाकिटावर, माणसांच्या नावांत. असे कागद वेगळे ठेवायचे. मशिदीबाहेर लोखंडी डबा असतो, त्यात टाकायचे. मग गाडी येऊन नेते. मॅडम नमाजाच्या फार पक्क्या नव्हत्या, पण या बाबतीत कडक. फिलूला ते पहिल्या दिवशीच पटलं. मला म्हणाली, "आपण झावळ्यांच्या रविवारची आशीर्वादाची झावळी कुठे केरात टाकतो? राखेच्या बुधवारसाठी चर्चला परत देतोच ना? तसंच हे." आठवडाभराचे पेपर ती सुपरमार्केटच्या पिशव्यांत भरायची. त्या स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवायची. शुक्रवारी इथे सुट्टी, सकाळी चर्चला मिस्साला जाताना मी मशिदीपाशी गाडी थांबवायचो, ती उतरून डब्यात टाकायची. इतक्या हळू टाकायची की मागचे हॉर्न मारायचे.

आता तो गुरुवार.

सांगतो. थांबा जरा.

वह्या बैरूतला छापायला पाठवायच्या होत्या. मॅडमनी अकराच्या अकरा एका सुपरमार्केटच्या पिशवीत घातल्या आणि माझ्या हातात दिल्या. शारजातच रोला भागात एक फोटोकॉपीचं दुकान होतं, तिथून दोन प्रती काढून आणायच्या. त्यांना अंगात ताप होता, नाहीतर स्वतः आल्या असत्या. म्हणाल्या, "इनास, सीटवर नको, मांडीवर ठेव." मी म्हटलं, "हां मॅडम." आणि सीटवर ठेवली.

वाटेत पास्कूचा फोन. पास्कू आमच्याच गावचा, हमरिया फ्री झोनमध्ये वेल्डर. दोन महिन्यांच्या रजेवर निघाला होता. संध्याकाळचं विमान, कंपनीची बस चुकली. "अरे इनास, येतोस काय? टॅक्सीवाला एवढं सामान घेत नाय." चर्च सोडलं तर मॅडमची गाडी स्वतःच्या कामाला न्यायची नाही, हा नियम होता. माझ्या आधीच्या ड्रायव्हरला त्यावरूनच काढलेलं. मलाही एकदा पकडलं होतं तेव्हा म्हणाल्या होत्या, परत केलंस तर व्हिसा कॅन्सल, खलास. तरी गेलो. गाववाला म्हणून गेलो, असं म्हणता आलं असतं. पण खरं सांगू? वसईकरापुढे मोठ्या गाडीतून उतरायची हौस होती मला.

पास्कूच्याही पिशव्या तसल्याच, त्याच सुपरमार्केटच्या. दूध पावडर, खजूर, साबण. एअरपोर्टला उशीर झालेला. मागचा पोलिस यल्ला यल्ला करत होता. पास्कूने हाताला लागलं ते सगळं उचललं आणि पळाला. मी रोलाला पोचलो, दुकानाच्या दारात गाडी लावली, सीटकडे बघितलं.

सीट रिकामी.

पास्कूला फोन लावला. बंद. इथलं सिम तिकडे बंदच असणार. घरी आलो. मॅडम औषध घेऊन झोपल्या होत्या. कोणी काही विचारलं नाही. मीही बोललो नाही. सकाळी उठून फिलूला मिस्साला नेलं. ओट्याखालच्या पिशव्या तिने आणल्या, डिकी मी उघडली. तीन पिशव्या होत्या. मी त्या डिकीत लावल्या, मशिदीपाशी मीच काढून तिच्या हातात दिल्या. तीन.

दुपारी मॅडमना बरं वाटलं. बाहेर आल्या, केस विंचरलेले. म्हणाल्या, "कॉपी दे, इनास."

मी म्हणालो, "मॅडम, मशीन बंद होतं. पिशवी कालच आणून स्वयंपाकघरात ठेवली. ओट्याखाली."

जीभ घसरली असं लिहिणार होतो. कितीतरी वर्षं मी मनाशी तसंच म्हणत आलोय. पण ते खोटं आहे. मी बोलायच्या आधी विचार केला. ओट्याखाली काय असतं ते मला ठाऊक होतं. सकाळी ते कुठे गेलं तेही. घरात जागा कमी होत्या का? कपाट होतं, टेबल होतं. मी ओटाच सांगितला.

फिलू कणीक मळत होती. तिचे हात थांबले. माझ्याकडे बघितलं तिने — रागाने नाही हो. आठवत असल्यासारखं. आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही.

तिघं गेलो मशिदीला. फिलूच्या हाताला कणीक तशीच. गाडी मी चालवत होतो आणि मनात प्रार्थना करत होतो — आईने शिकवलेली, आपलीच प्रार्थना — की प्रभू, डबा रिकामा असू दे. डब्यात पिशव्या असत्या तर मोजल्या गेल्या असत्या ना. प्रभूने ऐकलं म्हणा. डबा रिकामा होता. राखणदार म्हणाला, गाडी आत्ताच येऊन गेली. तो जिथे म्हणाला त्या गोदामात गेलो. तिथे कागदांचे दाबलेले गठ्ठे, माणसाच्या वर उंचीचे. मॅडम एका गठ्ठ्यावर बसल्या. फिलू त्यांच्या पायाशी जमिनीवर. मॅडमनी तिची कणकेची बोटं एकेक करून पुसली, आपल्या ओढणीने. म्हणाल्या, "बस, फिलू. काग़ज़ था. काग़ज़." मी दाराशी गाडीची किल्ली घेऊन उभा होतो.

तेव्हा बोलायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. हो. गावी पास्कूच्या शेजारच्या घरी फोन होता, नंबर माझ्या डायरीत होता. एक फोन केला असता तर वह्या मिळाल्या असत्या. पण मिळाल्या असत्या तर मी खोटं बोललो हेही मिळालं असतं. मी फोन केला नाही. पास्कूने सामान सोडल्यावर ती अरबी चोपडी पेटवून दिली असेल, असं मी धरून चाललो. तसं झालं असावं अशी — लिहितोच — आशा करत होतो.

फिलूने सेंट अँथनीला नवेना सुरू केला, नऊ मंगळवारांची प्रार्थना. हरवलेलं मिळवून देणारा संत तो. दर मंगळवारी चर्चला जाऊन मेणबत्ती. मी तिला सोडायचो आणि बाहेर गाडीत बसायचो.

दोन महिन्यांनी एका शुक्रवारी मिस्सा सुटली आणि कंपाउंडात मागून पाठीवर थाप पडली. पास्कू. हातात जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. "अरे इनास, तुझं अरबी पुराण धर बाबा! साबणाच्या पिशवीबरोबर गेलं. बायकोने दोन महिने घरच्या आल्तारावर ठेवलं हे, सेंट अँथनीच्या शेजारी. म्हणाली, अरबी हाय, कोणाच्या देवाचं नाव असंल, टाकाचं कसं? येताना दूध पावडर काढली पण हे आणलं. वजन किती रे या पुराणाचं!"

आणि हसला. तोंड भरून हसला तो.

फिलू कुठे होती त्या वेळी? आत. अजून गुडघ्यावर होती. मेणबत्तीपाशी.

मी काय केलं असतं तर बरं झालं असतं, हे मला कोणी शिकवायला नको. आत जायचं, तिच्या हातात गाठोडं द्यायचं. व्हिसा गेला असता. मॅडमनी तोंड बघितलं नसतं. फिलूने कदाचित — नाही, फिलूने बघितलं असतं. तेवढ्यासाठी वीस पावलं चालायची होती. मी उलट्या बाजूला चाललो. गाठोडं डिकीत स्टेपनीखाली घातलं. पास्कूला म्हटलं, घरी कोणाला बोलू नकोस, मॅडम रागावतील मी गाडी नेली म्हणून. "छे रे," म्हणाला. तो कधी बोलला नाही. साधा माणूस.

दोन दिवस ते डिकीत होतं. दोन दिवस मी मॅडमना ऑफिसला नेलं-आणलं, त्या मागच्या सीटवर, आणि त्यांच्या पाठीमागे त्यांचं पुस्तक. तिसऱ्या दिवशी त्या मीटिंगला गेल्या, मी अजमानला गेलो. तिथे मला ओळखणारं कोणी नव्हतं. एका मशिदीबाहेर तसाच डबा होता. तोंड अरुंद. गाठोडं जाईना, म्हणून एकेक वही टाकली. अकरा वेळा. एक वही उघडी पडली तेव्हा कडेला ते अक्षर दिसलं. फिलूच्या नावाचं. अरबीतलं तेवढं एकच अक्षर मला येतं, तिच्या पाण्याच्या बाटलीवर असायचं म्हणून. एका पानावर तीनदा होतं. खूप हसली असणार तिथे. ती पण टाकली.

केरात टाकली नाही, डब्यात टाकली. त्या वेळी मला यात काहीतरी चांगलं वाटलं होतं. सांगायची लाज वाटते पण वाटलं होतं.

तर हे असं आहे. फिलूने पुस्तक टाकलं नाही. हरवलं मी, मिळालं मला, टाकलं मी. आणि नाव तिचं सांगितलं.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. मॅडमनी परत लिहायला घेतलं, दोन वर्षं घासलं, पानं फाडून वेगळी ठेवली. ती पानं फिलूऐवजी त्या स्वतः डब्यात नेऊन टाकायच्या. आई विचारायला नव्हती. कॉलम रोजचा होता तो आठवड्याला झाला, मग फोटो गेला, मग पान बदललं. मेळ्यातली रांग दरवर्षी छोटी होत गेली. एका वर्षी टेबलापुढे दोघेच, त्यातला एक शौचालय कुठे आहे विचारायला आलेला. मी मागेच उभा होतो. नंतर पेपरने त्यांना घरी बसवलं. मग त्या एका मॉलच्या मासिकात अत्तरांवर आणि गालिच्यांवर लिहायला लागल्या. नाव न घालता. गाडी विकली, मला दुसरीकडे कामाला लावून दिलं — स्वतः चार ठिकाणी फोन करून. अजमानला एका खोलीच्या फ्लॅटात गेल्या. तिकडे देशात लढाई, परत जायचीही सोय नाही.

आणि फिलू? तिने पुन्हा अरबी अक्षराला हात लावला नाही. मॅडमनी स्टूल ओढलं की ती काही निमित्त काढून बाहेर जायची. कुठलीही पिशवी टाकायची झाली की तीनदा उघडून बघायची. केराची सुद्धा, हात घालून. शेरल चिडायची, "Mama, that's gross!" ती ऐकायची नाही. आणि मला विचारायची. जेवताना, बसमध्ये, कपडे वाळत घालताना. "अहो, डिकी तुम्ही उघडली होती ना? पिशव्या तीन होत्या की चार?" मी म्हणायचो, "माझं लक्ष नव्हतं." पंधरा वर्षं मी तेच म्हणालो. ती पण बिचारी तेच विचारायची, जणू एखाद दिवशी मला आठवेल.

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. शेवटच्या आठवड्यात फादर मरणाआधीचं पवित्र तेल लावायला आले. पापं सांगायची वेळ आली तसा मी उठलो, बाहेर जायची रीत आहे. फिलू म्हणाली, "बसा हो. तुमच्यापासून काय लपवायचंय मला?"

बसलो.

तिने सांगितलं. शेजारणीचा मत्सर केला, सासूला उलट बोलली. आणि मग म्हणाली, फादर, माझ्या हातून एका बाईचं पुस्तक गेलं. तिच्या आईचं गाव होतं त्यात, आता कुठेच नाही. मला माफी मिळेल का? फादर म्हणाले, मिळाली. डोक्यावर हात ठेवून म्हणाले. तिचा चेहरा जरा हलका झाला, पण पुरता नाही. माझ्याकडे वळली आणि पुटपुटली, "चारच असतील, नाही?"

माझ्या तोंडात "तीन" हा शब्द होता. एवढाच. तीन. ती ऐकत होती, तिला ऐकू येत होतं. आणि मी म्हणालो, "आता झोप."

परवा ती गेली. म्हणजे त्याच्या परवा. अजून माझं दिवसांचं गणित जमत नाही.

दफनाला मॅडम आल्या, काठी टेकत, अजमानहून टॅक्सीने. कबरीवर माती टाकली. परत गेल्या आणि फिलूवर लिहिलं. किती वर्षांनी त्यांच्या नावाने काही छापून आलं. माझी स्वयंपाकीण, तिने माझं पुस्तक देवाच्या कागदांत टाकलं, असं. लोकांना ते भयंकर आवडलं. कोणीतरी इंग्रजीत केलं, ते फिरत फिरत शेरलच्या फोनवर आलं. ती रडत रडत मला वाचून दाखवत होती. मॅडमनी लिहिलंय, आयुष्यात माझं नुकसान पुष्कळांनी केलं, पण नुकसान करून एक दिवसही खोटं न बोललेली बाई मी एकच बघितली. "Papa, isn't it beautiful?" मी म्हटलं, यस.

आता मॅडमना परत फोन येतात. पेपरवाले येतात मुलाखतीला. बैरूतचा छापणारा म्हणतो, फिलूवर अख्खं पुस्तक द्या. वयाच्या पंचाहत्तरीत त्यांचं पाचवं पुस्तक येतंय. तुम्ही म्हणाल, आता सांगून त्या म्हातारीचं दुसरंही पुस्तक कशाला बुडवतोस, गप्प बसलास ते ठीक. तसं नाही. मी त्यांच्यासाठी गप्प नाही. मी घाबरलोय, जसा त्या गुरुवारी घाबरलो होतो. तेव्हा व्हिसा तरी होता. आता कशाला घाबरतो, तेही मला सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यात त्यांनी बोलावलं. पुस्तकाच्या आत घालायला फिलूचा एखादा फोटो हवा होता. बस बदलत बदलत अजमानला गेलो. त्यांनी स्वतः चहा केला. वह्यांचा ढीग टेबलावर होता, अक्षर आता मोठं झालंय, डोळ्यांमुळे. खूप दिवसांनी हसताना बघितलं त्यांना. "उस्ताज़ा इनास," म्हणाल्या, "तुमको बुरा तो नहीं लगेगा ना? सब सच लिखती हूँ." मी म्हटलं, "नहीं मॅडम."

खिशातून फोटो काढून दिला. ओट्यापाशी उभी असलेली फिलू, चष्मा कपाळावर. मॅडमनी तो बराच वेळ धरून ठेवला. मग पेन उघडलं आणि विचारलं, फोटोखाली काय लिहू. मी सांगितलं, फिलोमिना, इनासची बायको. त्यांनी तसं लिहून घेतलं.